राणीचा बाग: इमारती सावरल्या, झाडांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी तुम्ही वडिलांचा हात धरून भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचात. इतक्या वर्षांनी मुलीला घेऊन गेलात, तेव्हा वस्तुसंग्रहालय झळाळत होतं, प्रवेशाची कमान नीटनेटकी दिसत होती, पेंग्विन बघायला रांग होती. पण आठवणीतली गर्द सावली काही ठिकाणी सापडली नाही. मग या बागेचा जीर्णोद्धार झाला असं म्हणायचं का? आणि जुनी इमारत पूर्ववत करतात तशी जुनी बाग पूर्ववत करता येते का?

गेली सत्तावीस वर्षं मी जुन्या बागांमधल्या झाडांचं काम करतो. राणीच्या बागेच्या कुठल्याही प्रकल्पात मी नव्हतो. पण झाडं ओळखायला मी शिकलो ते तिथेच, कॉलेजात असताना, हातात वही घेऊन. त्यामुळे लिहिताना थोडा जीव अडकलेला असणार.

इमारत पूर्ववत करता येते. बाग पूर्ववत करता येत नाही. बागेचा आराखडा राखता येतो, माती जिवंत ठेवता येते आणि झाडांचा वंश पुढे नेता येतो. या तीन गोष्टी झाल्या तर मी जीर्णोद्धार झाला असं म्हणेन. राणीच्या बागेत इमारतींचं काम मनापासून झालं आहे. या तिन्हींचं मात्र बरंच बाकी आहे.

ही बाग मुळात का लावली हे माहीत नसेल तर तिच्यात काय जपायचं तेच कळत नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो. 1830 साली मुंबईत 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था निघाली. परदेशातून उपयोगी आणि देखणी झाडं आणायची, इथल्या हवेत ती रुजतात का ते बघायचं आणि रोपं वाटायची, हे तिचं काम. तिची पहिली बाग शिवडीला होती. आपण ज्याला अस्सल आपलं समजतो त्या गुलमोहोराची भारतातली पहिली नोंद 1840 ची आहे आणि ती या शिवडीचीच. मूळचं मादागास्करचं हे झाड आज मराठी मे महिन्याची ओळख होऊन बसलं आहे. शिवडीची ती जागा पुढे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात दफनभूमीसाठी गेली. आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच.

त्याआधीच नव्या, मोठ्या बागेची आखणी सुरू झाली होती. माझगावजवळच्या माउंट इस्टेटची सुमारे 33 एकर जागा मिळाली. 1861 मध्ये काम सुरू झालं आणि 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या पत्नी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' लोकांसाठी खुली झाली. राणीच्या नावाची म्हणून लोकांनी तिला राणीचा बाग केलं. आज आपण बहुधा 'ती बाग' म्हणत असलो तरी गिरणगावात ती 'राणीचा बाग'च राहिली, आणि मला ते मोडवत नाही. शेजारीच वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी झाली. बाग आणि संग्रहालय ही जुळी भावंडं आहेत: एकात वस्तू मांडायच्या, दुसऱ्यात झाडं. दोन्हींमागे डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही माणसं होती. भाऊ दाजींनी वैद्यकी करता करता देशी औषधी वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांच्यासारख्या माणसाला ही बाग दवाखान्याइतकीच महत्त्वाची वाटली असणार.

तो काळही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा वाहत होता. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं होतं. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बाजार बुडाला आणि त्यात भाऊ दाजींची स्वतःची मिळकतही गेली. संग्रहालयाचं बांधकाम रेंगाळून शेवटी 1872 मध्ये ते उघडलं. 1873 मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. 1890 मध्ये प्राण्यांसाठी आणखी सुमारे 15 एकर जोडले गेले. हे वर्ष विसरू नका. त्याआधीची जवळपास तीन दशकं ही जागा झाडांची होती, प्राणी मागाहून आले. आज बहुतेक मुंबईकर तिला प्राणीसंग्रहालय म्हणूनच ओळखतात, आणि तिच्या दुरुस्तीच्या प्रत्येक वादाचं मूळ या विस्मरणात आहे.

इमारतींबद्दल लवकर सांगून टाकतो, कारण त्यांची गोष्ट चांगली आहे. 2003 मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली संग्रहालयाची जुनी रंगसंगती, लोखंडी खांब, सोनेरी मुलामा, फरशी हे सगळं शोधून परत आणलं गेलं. 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पुन्हा उघडलं. पुढे बागेतली कमान आणि लेडी फ्रेअर यांच्या नावाचा मंडप यांच्याकडेही लक्ष गेलं. अशा कामात कसोटी असते ती चुन्याची. जुनी वीट आणि दगड श्वास घेतात, ओल बाहेर टाकतात. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी सिमेंट खरवडायचं, मग चुना. हे ज्ञान आता मुंबईत रुजलं आहे, कारागीर तयार झाले आहेत.

झाडांच्या बाबतीत तेच ज्ञान अजून रुजलेलं नाही. तिथेही सिमेंटच मारतं, फक्त जमिनीखाली मारतं म्हणून दिसत नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या हरवलेल्या सावलीचं उत्तर मला इथे दिसतं. लोकांना वाटतं, झाड जेवढं वर तेवढंच खोल खाली असतं. तसं नसतं. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, आणि ती आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. मुळांना पाणी लागतं तितकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ही हवा असते. तुम्ही त्या मातीवर रोलर फिरवला, ट्रक नेला, डेब्रिस टाकलं, वर मुरूम दाबून पेव्हर ब्लॉक बसवले की पोकळ्या बंद होतात. झाड त्या वर्षी मरत नाही. दुसऱ्या वर्षीही मरत नाही. शंभर वर्षांचं झाड साठवलेल्या ताकदीवर पाच, सात, कधी दहा वर्षं काढतं. मग शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात, बुंध्याला बुरशीची छत्री येते, आणि एका जूनच्या वादळात झाड पडतं. तोवर रस्त्याचं कंत्राट देणारे, घेणारे सगळे बदललेले असतात. पंचनाम्यात लिहिलं जातं: नैसर्गिक कारणाने उन्मळून पडले.

हे मी स्वतः पाहिलं आहे. एका जुन्या शहरी बागेत, नाव घेत नाही, सुशोभीकरण म्हणून एका विशाल झाडाभोवती फूटभर लाल माती चढवून वर दगडी पार बांधला. दिसायला फार सुंदर दिसायचं. मी लेखी हरकत घेतली होती, पण तो पार काढून टाकायला लावण्याइतका आग्रह धरला नाही. बुंधा जिथे जमिनीला भिडताना रुंद होतो, तो भाग उघडा राहावा लागतो. तो पुरला की साल कुजते. सहा वर्षांनी ते झाड गेलं. आम्ही माती उपसून बघितलं तेव्हा सालीचं कडं पूर्ण कुजलेलं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही बागेत गेलो की आधी वर बघत नाही, बुंध्याशी वाकतो. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला तर समजावं, झाड पुरलं गेलं आहे.

गेल्या काही वर्षांत मुंबईत रस्त्याकडेचे कित्येक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने गेले, हे तुम्ही वाचलं असेल. कीड खरीच होती. पण आधीच काँक्रीटने गळा आवळलेल्या झाडावर कीड जोर करते, हेही तितकंच खरं आहे.

राणीच्या बागेत काय पणाला लागलं आहे तेही सांगतो. तिथे 286 जातींची तीन हजारांहून अधिक झाडं असल्याची नोंद आहे. पन्नासेक एकरांत एवढी विविधता असणं ही मोठी गोष्ट आहे. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे, पानांचे द्रोण होणारा कृष्णवड आहे, आपला सीता अशोक आहे. आणि उर्वशी आहे.

उर्वशीपाशी मी थांबणार. शास्त्रीय नाव 'ॲम्हर्स्टिया नोबिलिस', मूळची म्यानमारची. 1820 च्या दशकात तिकडच्या एका मठाच्या आवारात युरोपीय अभ्यासकांना ती प्रथम दिसली. गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीच्या नावावरून नाव पडलं. लालसर गुलाबी फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि पाकळ्यांवर पिवळा ठिपका असतो. रानात ती जवळजवळ सापडतच नाही, म्हणजे जगात ती टिकली आहे ती बागांमुळे. तिला शेंगा फार कमी धरतात, बियांवर भरवसा ठेवता येत नाही. गुटी बांधून रोप करावं लागतं: फांदीची साल रिंगणासारखी काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटायची वाट बघायची. उर्वशीच्या बऱ्याच गुट्या फुकट जातात. मी एका मोसमात दहा बांधल्या आणि दोन जगल्या. त्यातलं एक रोप आता माझ्या कमरेएवढं आहे आणि त्याला फूल यायला अजून किती वर्षं लागतील ते मी मोजत नाही. एक म्हातारी उर्वशी पडली तर नर्सरीतून दुसरी आणून खड्ड्यात लावता येत नाही. तिची मुलगी दहा वर्षं आधी तयार असावी लागते.

कृष्णवडाचंही तसंच, तो फांदीवरूनच वाढवतात. गोरखचिंच बियांपासून सहज येते, पण तिचं ते प्रचंड खोड व्हायला दोन-तीन पिढ्या जातात.

ऐतिहासिक बागांसाठी 1981 मध्ये फ्लोरेन्स शहरात एक आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली. तिच्यात म्हटलं आहे की ऐतिहासिक बाग हे जिवंत स्मारक आहे. तिचा मुख्य घटक वनस्पती, आणि त्या मरणार आणि पुन्हा लावल्या जाणार हे गृहीतच आहे. म्हणून बागेला दोन गोष्टी लागतात, वेळच्या वेळी एकेक झाड बदलणं आणि त्यासाठीचा दीर्घकाळचा कार्यक्रम. आपल्या निविदा मात्र अठरा महिन्यांच्या असतात. अठरा महिन्यांत कमान होते, कारंजं होतं, फरशी होते. झाड होत नाही. मग पैसे ज्यात खर्च होऊ शकतात त्यातच खर्च होतात, आणि बागेच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली बागेत बांधकाम वाढत जातं. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. हिशोबाची पद्धतच तशी आहे.

2007 च्या सुमारास हेच मोठ्या प्रमाणावर होऊ घातलं होतं. चारशे कोटींहून अधिक खर्चाचा, परदेशी सल्लागारांनी काढलेला, आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणीसंग्रहालयाचा आराखडा आला. वारसा यादीत द्वितीय-ब श्रेणीत असलेली ही वनस्पती बाग त्या नकाशावर केवळ मोकळी जागा होती. तेव्हा काही नागरिक उभे राहिले, त्यांत बायका पुढे होत्या. 'राणीबाग वाचवा' म्हणून त्यांनी झाडांच्या याद्या दाखवल्या, लोकांना बागेत फिरवून एकेक झाड ओळखायला लावलं, वारसा समितीपुढे बाजू मांडली. मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. पुढे 2016 मध्ये पेंग्विन आले, नवे पिंजरे झाले, आणि त्या वेळीही झाडांवरून वाद झालेच. माझं मत विचाराल तर या बागेच्या दीडशे वर्षांतलं सर्वांत मोठं संवर्धनाचं काम त्या मंडळींनी केलं, आणि तेही एक वीट न लावता. ज्या झाडाचं नाव चार लोकांना माहीत आहे ते सहजासहजी तोडलं जात नाही.

आता, काम माझ्या हाती दिलं तर मी काय करेन?

पहिलं वर्ष काहीच लावणार नाही. जुने नकाशे आजच्या मोजणीवर ठेवून मूळ रस्ते, चौक, वाफे कुठे होते ते बघेन. व्हिक्टोरियन बागेचा आत्मा तिच्या सरळ रेषांत असतो, मधला रुंद रस्ता, त्याच्या टोकाला काहीतरी डोळा ठरेल असं, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने झाडं. या रेषा बुजल्या की उरते फक्त झाडी. कागद सापडले नाहीत तर जमीन सांगते. एका बागेत मला एका जुन्या माळ्याने मे महिन्यात बोलावून हिरवळीवरचा पिवळा पट्टा दाखवला होता. पाणी बंद केलं की तिथलंच गवत आधी वाळायचं. खणून बघितलं तर फूटभर खाली विटांचा जुना रस्ता निघाला. त्या माळ्याला ते तीस वर्षं माहीत होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षातला निम्मा वेळ मी माळ्यांबरोबर घालवेन, विशेषतः निवृत्त झालेल्यांबरोबर.

मग माती. प्रत्येक वयस्क झाडाभोवती, जमेल तितक्या मोठ्या घेरात, पेव्हर आणि काँक्रीट काढायचं. ते काढताना जेसीबी आत आणायचा नाही, पहार आणि हात वापरायचे. हवेच्या झोताने माती मोकळी करणारं यंत्र मिळालं तर उत्तम, त्याने मुळं तुटत नाहीत. मग वरून शेणखत खणून मिसळायचं नाही, कारण खणलं की मुळं गेली. झाडाचा स्वतःचा पालापाचोळा चार बोटं जाडीने पसरायचा आणि बुंध्यापासून वीतभर दूर ठेवायचा. गांडुळं आणि बुरशी पुढचं काम करतात. दोन पावसाळ्यांत फरक दिसतो. यात अडचण पैशाची कमी, सवयीची जास्त आहे, कारण पाचोळा म्हणजे कचरा असं आपण ठरवून टाकलं आहे. रोज सकाळी तो झाडून, गोळा करून बागेबाहेर पाठवला जातो आणि मग खताच्या गोणी विकत आणल्या जातात.

पाण्याचं गणित भायखळ्याला वेगळं आहे. मुंबईचा हा भाग सखल, आजूबाजूला भराव झालेला. चार महिने पाणी तुंबतं आणि आठ महिने वरची माती खडखडीत असते. बागेतल्या एखाद्या भागाची पातळी सुशोभीकरणात सहा इंच वाढली तर शेजारच्या खोलगट भागातली झाडं पाण्यात उभी राहतात. म्हणून पातळ्या मोजल्याशिवाय एक टोपली माती आत येऊ द्यायची नाही.

आणि रोपवाटिका. माझ्या मते जीर्णोद्धाराचं खरं कार्यालय तेच. प्रत्येक दुर्मीळ झाडाची किमान तीन रोपं, त्याच झाडाच्या गुटीची किंवा बियांची, आणि ती एकाच ठिकाणी ठेवायची नाहीत; दोन आणखी बागांमध्ये द्यायची. कुठलं झाड कधी लावलं, कशापासून केलं, कुठे दिलं, याची वही. ही वही माणसाबरोबर बदलीला जाता कामा नये. मोठ्या झाडाच्या पडत्या काळातच त्याच्या जवळ, पण सावलीबाहेर, वारस लावायचा. रिकाम्या जागी पटकन वाढतं म्हणून काहीतरी भलतंच लावलं की शंभर वर्षांची रचना एका सह्याद्री-आफ्रिका-नर्सरी भेळीत बदलते.

कायदा मदतीला आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचं स्थान मिळालं. पण कायदा कुऱ्हाड थांबवतो. पुरलेला बुंधा आणि कोंडलेली मुळं त्याला दिसत नाहीत.

तुमच्या आठवणीतली सावली कुठली होती ते मला सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलीला घेऊन बुधवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी लवकर जा. बुधवारी बाग बंद असते. जूनच्या सुरुवातीला गेलात तर गोरखचिंचेखाली बघा. तिची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात, आणि सकाळी ती जमिनीवर पडलेली असतात. उन्हं चढेपर्यंत तपकिरी होतात, म्हणून नऊच्या आत पोहोचा. एक फूल मुलीच्या ओंजळीत द्या आणि तिला बुंध्याशी वाकून बघायला सांगा, खोड जमिनीजवळ रुंद होतंय का, की सरळ आत घुसलंय. सरळ घुसलेलं दिसलं तर झाडाचा फोटो काढा, त्यावरचा क्रमांक असेल तर तो टिपा, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा.